बोल्टाखालचा पत्रा

माझ्या धाकट्या बहिणीचा हात चांगला आहे, हे पहिल्यांदा एका गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेही माझ्या तोंडावर.

ते आपली जीप न्यायला आले होते. त्या जीपमधून कधी वासरू जायचं, कधी आजारी मेंढी, आणि घाबरलेलं जनावर गाडीत काय काय करून ठेवतं ते वेगळं सांगायला नको. आतलं कार्पेट खालून कुजलं होतं. आम्ही ते उपटून टाकलं, पत्र्यावरचा गंज खरवडला, प्रायमर मारला आणि वर रबरी कोटिंगचे दोन हात दिले. आता आत पाइप सोडून गाडी धुतली तरी हरकत नव्हती. डॉक्टरांनी वाकून गाडीच्या तळावरून तळवा फिरवला.

“मागचं कोणी केलं?”

“हिने,” मी म्हणाले. “पुढचं मी.”

“मागचं काय सुरेख झालंय हो! ओतल्यासारखं.”

“आणि पुढचं?” धाकटीने हसत विचारलं. तिला असल्या प्रश्नांची भीड वाटत नाही.

“पुढचंही ठीक आहे की,” डॉक्टर म्हणाले.

बारा वर्षं मी हे काम करते आहे. वर्कशॉप दादाचं. डोंगरात, चिखलात, नदीतून जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. इंजिन, गिअर, चाकं दादा बघतो आणि आतला तळ माझा. मी रसायनशास्त्र शिकलेली आहे. हार्डनर किती घालायचा, हवेत किती दमटपणा असला की डबा उघडायचाच नाही, पहिल्या हातानंतर दुसरा किती तासांनी द्यायचा, याचा तक्ता मी भिंतीवर लावला आहे. बारा वर्षांत माझं एकही कोटिंग सोललेलं नाही. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण सगळं जॉब कार्डांवर लिहिलेलं होतं आणि कार्डं कपाटात होती. ज्याला बघायचं त्याने बघावं. कोणी बघितलं नाही.

आई म्हणते, “बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत.” म्हणते मला आणि बघते धाकटीकडे.

धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिने आधी केक सजवले, मग दुकानांच्या काचांवर चित्रं काढली, मग दोन वर्षं काहीच केलं नाही, आणि त्या दोन वर्षांतही घरात तिचंच कौतुक होतं. गेल्या वर्षी दादाने तिला वर्कशॉपमध्ये आणलं. “ताईच्या हाताखाली शिकेल,” म्हणाला. पहिल्याच दिवशी मी तिला नियम सांगितला: पाणी वाट शोधतं, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढाही पत्रा उघडा ठेवायचा नाही. तिने तो पेनाने मनगटावर लिहून घेतला. वर्कशॉपमधले टायरवाले काका म्हणाले, “अगं, परीक्षेला बसलीयेस की कामाला?”

तिसऱ्या महिन्यात ती माझ्यापुढे गेली.

कोटिंग मधासारखं घट्ट असतं, त्यात रबराचे बारीक कण असतात. रोलर जिथे उचलला जातो तिथे एक रेघ राहते. माझी राहते. पुस्तकातही लिहिलेलं आहे की थोडी रेघ राहणारच. धाकटीची राहत नाही. मी तिच्या मागे उभी राहून पाहिलं. ती किती दाब देते, रोलर किती वेळा बुडवते, एका फेरीला किती सेकंद घेते, सगळं मोजून लिहून घेतलं. मग एका सुट्टीच्या दिवशी एकटीने येऊन एका भंगार दारावर तसंच करून पाहिलं. मोजमापं तीच होती. रेघ राहिली. मी ते दार भंगाराच्या ढिगात तळाशी सरकवून घरी आले.

पत्रा उघडा न ठेवण्याच्या नियमाला एक अपवाद आहे. गाडीत दिवे, पंप, वायरलेस सेट जे काही असतं, त्या प्रत्येकाची एक काळी वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. वीज तिथून परत जाते. त्या बोल्टाखाली बोटाच्या पेराएवढा पत्रा उघडाच लागतो, धातूला धातू चिकटावा म्हणून. कोटिंगच्या आधी तिथे टेप लावायची, वायर आवळून झाली की वरून थोडं ग्रीस लावायचं. एवढंच. धाकटीला हे सांगायचं राहिलं. आधी खरोखरच राहिलं. नंतर मी ते हातचं राखून ठेवलं. तिचं काम सुरू होण्याआधी सकाळी लवकर येऊन मीच त्या जागांवर टेपचे तुकडे लावायचे.

“हे टेप कशासाठी, ताई?” तिने एकदा विचारलं होतं.

“आहे एक भानगड. ते माझ्याकडे असू दे.”

तिने पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं, ताईचं काहीतरी शास्त्रीय असेल.

मग बचाव पथकाचं काम आलं. डोंगरात अडकलेल्या, पडलेल्या माणसांना खाली आणणारं पथक. पाच गाड्या. कधी नदी आडवी येते, कधी चिखलाने भरलेले बूट घालून आठ जण आत बसतात, कधी स्ट्रेचरवरून रक्त गळतं. पथकाच्या प्रमुख बाई किडकिडीत होत्या आणि आवाज असा की दादाने हातातला पाना खाली ठेवला.

“डॉक्टरांची जीप मी बघितली,” त्या म्हणाल्या. “मागचा भाग ज्याने केला, त्याच्याकडून एक गाडी करून द्या. पसंत पडली तर बाकीच्या चार.”

दुपारी डबे उघडल्यावर दादाने जाहीर केलं. “ही गाडी धाकटी एकटी करेल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जमलं तर इथून पुढे तळाचं खातं तिचं.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तू तपासायचंस. शिकलेलं माणूस तपासायलाच असावं. बढती झाली की शास्त्रज्ञबाई!”

टायरवाले काका हसले. धाकटीने डब्यातून मान वर केली. “दादा, पण ताईने कोपरे तरी करावेत ना. कोपरे तिचेच चांगले होतात.” हे तिने मनापासून म्हटलं होतं. कोपरे! मी डब्याचं झाकण लावलं. बारा वर्षांतून कोपरे तेवढे शिल्लक राहिले होते.

“एकटी म्हणजे एकटी,” मी म्हणाले. “मी हात लावणार नाही.”

आणि लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले, टेपचं रीळ हातात घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं. एकटीने करायचं असं ठरलं होतं. हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते मला पुरलं.

तिने काम मन लावून केलं. सीट काढल्या, पत्रा घासला, थिनरने तीनदा पुसला. मी लांबून बघत होते आणि चूक शोधत होते. सापडत नव्हती. दुसरा हात देऊन ती बाहेर आली तेव्हा उन्हाची तिरीप आत पडली होती आणि सगळा तळ एकसारखा काळा, मऊ, बारीक दाणेदार दिसत होता. रेघ नाही, ठिपका नाही. माझ्या पोटात दुखलं. हा वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला, खरोखर दुखलं.

कोटिंग पूर्ण वाळल्यावर पाण्याची परीक्षा असते. ही दादाची पद्धत. तळाची बुचं लावायची, दारांचे उंबरे बुडणार नाहीत इतकं पाणी बादल्यांनी आत ओतायचं आणि ज्याने तळ केला त्याने तासभर अनवाणी त्यात उभं राहायचं. बाकीच्यांनी गाडीखाली वाकून थेंब पडतो का ते बघायचं. दादाचं म्हणणं, स्वतःचे पाय ओले झाल्याशिवाय कामाची जबाबदारी कळत नाही. मी दर वेळी घड्याळ बघत गुपचूप उभी राहायचे. धाकटीने पाण्यात उभं राहूनच डबा खाल्ला.

“मासे सोडू का दोन?” काकांनी विचारलं.

“सोडा. आणि एक होडी पण द्या. ताई, येतेस का फिरायला?”

सगळे हसले. मी खाली वाकून पत्र्याची खालची बाजू बघत होते. एक थेंब नव्हता. तासाने बुचं काढली, पाणी निघून गेलं आणि तळ फडक्याने पुसल्यावर जसाच्या तसा.

मग सीट आणि वायरी बसवल्या आणि माझं काम आलं. तपासणीच्या कार्डावर बारा चौकटी आहेत. कार्ड मीच बनवलेलं. दहा चौकटी मी भरल्या. अकरावी अर्थिंगची, म्हणजे त्या काळ्या वायरींची. ड्रायव्हरच्या सीटखाली वायरलेसची काळी वायर होती. तिथेही धाकटीने कोटिंग केलं होतं, अगदी नेटकं, आणि वर वॉशर ठेवून बोल्ट आवळला होता. टाचणीच्या टोकाएवढाही पत्रा उघडा नव्हता.

मी मीटर लावला. आकडा शून्याच्या जवळ हवा होता. वायर स्थिर होती तोवर बरा होता. बोल्टाच्या आट्यांमधून कुठेतरी धातू टेकत होता. मी वायर बोटाने हलवली. आकडा उसळला, खाली आला, पुन्हा उसळला. उभ्या गाडीत चालेल, खडबडीत रस्त्यावर दगा देईल. मला हे कळायला पाच सेकंद लागले.

मागे धाकटी हात पुसत होती. “झालं का गं? पास?”

मी चौकटीत “ठीक” लिहिलं. डॉक्टरांचा तोच शब्द. खाली सही केली.

माझा हिशेब सोपा होता. दोन-चार दिवसांत गाडी तक्रार घेऊन परत येईल. प्रमुख बाई त्या आवाजात विचारतील, चूक कोणाची. मी काही बोलणार नाही. फक्त टेपचं रीळ काढून दाखवेन. त्याच कार्डावर माझी सही आहे, हे मला सुचलंच नाही. बारा वर्षं दशांशाच्या तीन घरांपर्यंत मोजणाऱ्या बाईला हे सुचलं नाही.

शुक्रवारी गाडी गेली. प्रमुख बाईंनी आत बघून एकच शब्द उच्चारला, “वा.” सोमवारी दुसरी गाडी पाठवते म्हणाल्या. धाकटीने मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

“मला आदल्या रात्री काय भीती वाटत होती! पण म्हटलं, ताई तपासणार आहे. ताईने बघितलं म्हणजे प्रश्नच मिटला.”

तिच्या केसांना थिनरचा वास येत होता. मी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि बाजूला झाले.

शनिवारी दुपारी दादा सुटे भाग आणायला गेला होता. फोन मी उचलला. पथकाचा वायरलेसवाला बोलत होता, दमल्यासारखा.

“ताई, तुमच्या ओळखीत कोणी वायरलेस दुरुस्त करणारा आहे का? आमचा सेट गेलाय बहुतेक. ऐकू येतं, पण बोलायला बटण दाबलं की मरतो. गाडी उभी असली तर चालतो, रस्त्याला लागलो की नाटकं. जुना झालाय, काय करणार. सोमवारी टाकतो दुरुस्तीला.”

“सोमवारपर्यंत गाडी उभीच आहे ना?”

“कुठली उभी? आत्ता निघालोय. नदीपलीकडे कड्याखाली एक माणूस पाय मोडून पडलाय. बाकी गाड्या बाहेर आहेत. तिकडे मोबाईल लागत नाही. निरोपासाठी टेकडीवर एक माणूस ठेवू, दुसरं काय.”

दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर माझ्यासमोरच्या वहीत होता. तो दिला असता तर त्यात खोटं काहीच नव्हतं. गाडी गेली असती, आली असती, सेट तपासला गेला असता, आणि चूक उघड झाली असती. मला हवी होती तशीच. मधल्या वेळात कड्याखालून कोणी “दोर सोडा” किंवा “थांबा” म्हणायला बटण दाबलं असतं आणि सेट नेमका तेव्हाच मेला असता.

“गाडी हलवू नका,” मी म्हणाले. “सेट चांगला आहे. ड्रायव्हरच्या सीटखालच्या बोल्टाखाली कोटिंग आलंय, तिथे पत्रा उघडा हवा. मी येते.”

“अहो, आम्हीच खरवडतो. चाकू आहे.”

“चाकूने निघणार नाही ते.” हे सांगताना मला विचित्र अभिमान वाटला. मिश्रण माझं होतं. “दहा मिनिटं द्या.”

मी खरवडणी, तारेचा ब्रश आणि मीटर पिशवीत टाकला. स्कूटर सुरू करेपर्यंत धाकटी धावत आली आणि मागे बसलीही.

“पथकाचा फोन होता ना? माझं काही चुकलं का?”

“बस नीट,” मी म्हणाले. वाटेत तिने आणखी दोनदा विचारलं. मी वाऱ्याचं निमित्त केलं, ऐकू येत नाहीसं.

पथकाच्या आवारात स्ट्रेचर चढवलं जात होतं. मी सरळ सीटखाली घुसले, बोल्ट काढला आणि खरवडायला लागले. कोटिंग चिवट होतं. त्याचे काळे ओरखडे निघत होते, कडा फाटत होत्या, त्या सुंदर तळाला एक घाणेरडं भोक पडत होतं.

“ताई! काय करतेस तू?” धाकटी ओरडली. “पाणी जाईल ना तिथून!”

मी खरवडत राहिले. शेवटी पांढरा पत्रा चमकला. मी तो ब्रशने घासला, वायर आवळली आणि वायरलेसवाल्याला बटण दाबून धरायला सांगितलं. वायर हलवली, ओढली, बुक्की मारली. सेट बोलत राहिला.

प्रमुख बाई दारात उभ्या होत्या. “म्हणजे वायर कोटिंगवर बसवली होती. चूक कोणाची?”

अगदी हेच शब्द मी मनात त्यांच्या तोंडी घातले होते. धाकटीचा चेहरा उतरला होता.

“माझी,” ती म्हणाली. “मला वाटलं, टाचणीएवढाही उघडा...”

मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मी पटाईत आहे.

“कोटिंग हिने केलं,” मी म्हणाले. “पण इथे उघडं ठेवायचं असतं, हे मी हिला कधी शिकवलंच नाही. आणि तपासताना मला मीटरवर दिसलं होतं. तरी मी सही केली.”

“दिसलं होतं? मग सही का केलीत?”

“हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून.”

वायरलेसवाला खाली बघायला लागला. प्रमुख बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “तिकडे माणूस पाय मोडून पडलाय,” त्या म्हणाल्या. “तुमचं घरचं नंतर बघा.” गाडी निघून गेली. धाकटी माझ्या स्कूटरवर बसली नाही. चालत गेली.

तो माणूस संध्याकाळी खाली आला, हे वायरलेसवाल्याने फोन करून दादाला कळवलं. सोमवारी प्रमुख बाईंचा फोन आला. दादाने तो उभ्याने घेतला आणि ठेवल्यावर माझ्याकडे न बघता सांगितलं, “चारही गाड्या देतायत. काम धाकटीचं. तपासायला त्यांचा वायरलेसवाला येणार. तुझी सही नको म्हणाल्या.” तो मला शास्त्रज्ञबाई म्हणाला नाही. काका टायरमध्ये हवा भरत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

मला तयारीचं काम मिळालं. कार्पेट उपटायचं, गंज काढायचा, पत्रा धुऊन वाळवायचा. धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. “ब्रश दे.” “झालं.” फक्त पहिल्या दिवशी तिने विचारलं, “किती दिवस, ताई? ते टेप तू किती दिवस लावत होतीस?” मी म्हणाले, “अकरा महिने.” तिने मान हलवली आणि रोलर धुवायला घेतला. आईला तिने काही सांगितलं नव्हतं. मी वाट बघत होते, पण आईचा फोन नेहमीसारखाच आला, नेहमीच्या कौतुकासह.

दुसरी गाडी मी दोन दिवस घासली. पत्रा आरशासारखा केला. आपण हेच करायचं तर यात तरी कोणी नाव ठेवू नये, असं मनात होतं. वायरलेसवाला कोटिंगआधी पत्रा तपासायला दहा वाजता येणार होता. पावणेदहाला धाकटी गाडीत चढली, गुडघ्यावर बसली आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात, तिथे बोट दाबून बघितलं.

“ताई,” ती म्हणाली, हळू आवाजात, बाहेर काकांनाही ऐकू जाणार नाही इतक्या. “इथे ओल आहे.”

“मी काल मोजलंय तिथे.”

“असेल. आत्ता आहे.”

मी आत वाकले. पत्र्याच्या जोडात केसाएवढी ओल होती. वरून कोटिंग केलं असतं तर आठवड्यात फुगा आला असता, आणि तो सगळ्यांनी माझ्या तयारीच्या नावावर लिहिला असता. तिला नुसतं वायरलेसवाल्याची वाट बघत बसता आलं असतं. दादाला हाक मारता आली असती. तिने बोट ओढणीला पुसलं आणि माझ्यासाठी बाजूला सरकली, जणू इतकं सांगणं ही श्वासासारखी सोपी गोष्ट आहे.

हेही तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. बरगड्यांच्या खाली पुन्हा तसंच दुखलं.

“हीट गन दे,” मी म्हणाले.

तिने दिली. मी जोडाला गरम हवा लावून बसले आणि ती माझ्या शेजारी बसून बोटाने बघत राहिली, वाळतंय का ते.